स्टीलच्या पट्टीवरचे बारा शब्द

"…आणि समजा, हा मोबाईलच उद्या विहिरीत पडला तर?"

सोमगिरी बुवांनी विचारलं, तसा मन्मथ हसला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊकच होतं.

"पडू द्या की, बुवा. माझी डिजिटल नाणी मोबाईलमध्ये नाहीतच."

"मग कुठे आहेत?"

"जगभरच्या कॉम्प्युटरांवर. माझ्याकडे फक्त त्यांची किल्ली. आणि किल्ली म्हणजे बारा शब्द. नवा मोबाईल घ्यायचा, बारा शब्द ओळीनं घालायचे… पाकीट जसंच्या तसं परत."

"आणि ते शब्द दुसऱ्याला कळले तर?"

"मग नाणी त्याची. पोलीस नाही, कोर्ट नाही, कोणी नाही." मन्मथनं छातीवर हात ठेवला. "म्हणूनच माझ्याशिवाय ते जगात कोणाला ठाऊक नाहीत."

मी शेजारीच सतरंजीवर बसलो होतो. मला एकदम खोकला आला.

मन्मथ कोरे म्हणजे आमच्या उदगीरचा पंपवाला. हुशार माणूस. मोटार नुसती ऐकून सांगतो, कॉइल कुठं जळली ते. सात वर्षं त्यानं पोट मारून डिजिटल नाणी घेतली, ती करडईचा तेलघाणा टाकायला. नाणी एका कंपनीकडे ठेवली होती. मागच्या महिन्यात त्यानं स्वतःचेच पैसे मागितले, तर कंपनीनं अकरा दिवस नुसती उत्तरं दिली. फॉर्म भरा, फोटो पाठवा, वाट पाहा. बाराव्या दिवशी कुठे खातं मोकळं केलं.

तेव्हापासून त्यानं ठरवलं… आता मधे कोणी नको. आपली किल्ली आपल्याकडे.

बुवा टेकडीवरच्या मठात एकटे राहतात. आधी तारखात्यात होते. जगाची गुपितं टकटक करत पुढे पाठवायची आणि विसरून जायचं, यात बावीस वर्षं गेली. त्यामुळे त्यांना इंग्रजी येतं, आणि गप्पही बसता येतं.

मन्मथनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. हातभर लांब, चार बोटं रुंद स्टीलची पट्टी.

"कागदाला वाळवी लागते, शाई उडते. म्हणून शब्द स्टीलवर कोरून घेतले. आगीत टाका, पाण्यात टाका, काही होणार नाही. माझी एकच विनंती… ही पट्टी तुमच्या आसनाखाली राहू द्या. तुमच्यासारखा निर्लोभी माणूस मला दुसरा दिसत नाही. पट्टी इथे ठेवली की दुपारी सगळी नाणी नव्या पाकिटात टाकतो."

"सगळी?"

"सगळी. तेलघाणा पूर्ण."

बुवांनी चष्मा लावला. पट्टी उजेडात धरली. आणि आरतीच्या आवाजात सुरू केलं,

"रिव्हर! ओनियन! लॅडर!…"

"बुवा! बुवा, हळू!" मन्मथ अर्धा उठला. पायरीवर दोन बायका आवळे निवडत बसल्या होत्या, त्यांनी माना वळवल्या.

"का रे?"

"मोठ्यानं नका ना वाचू!"

"तूच दिलीस मला."

"ठेवायला दिली. वाचायला नाही."

"अंकल!" बुवांनी चौथा शब्द वाचलाच. "नदी, कांदा, शिडी, काका… छान आहे. गोष्ट होईल एखादी."

आवळेवाल्या बायका हसल्या. मन्मथला घाम फुटला.

बुवांनी अंगठ्यानं अक्षरं चाचपली. "काम सुबक आहे. कोणी कोरलं?"

मन्मथ पिशवीचा बंद आवळायला लागला.

…

मग त्यानं हळूच माझ्याकडे पाहिलं. बुवांनीही पाहिलं. बायकांनीही पाहिलं.

आता हे सांगायलाच हवं. माझं भांड्यांचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत, पण नाव घालायचं मशीन मी स्वतःच्या हातानं शिकलो. लग्नाचे हंडे, बारशाच्या वाट्या, सगळ्यांवर नावं मीच घालतो. कोणाचं लग्न मोडलं हे नवरदेवाच्या मामाच्या आधी मला कळतं, कारण भांडी नाव खोडायला परत माझ्याकडे येतात. काल दुपारी मन्मथ पट्टी घेऊन आला, तेव्हा मी काही विचारलं नाही. गिऱ्हाईक म्हणेल ते कोरायचं.

"शेट," बुवा म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"अक्षरं ओळखतो. कपबशीच्या खोक्यावरचं वाचता येतं."

"यातले किती शब्द आठवतात?"

"सगळे नाही बुवा…" मी मान खाजवली. "सात-आठ."

"शेट!" मन्मथ ओरडला.

"अरे, आठवणारच की! एकेक अक्षर दोनदा फिरवावं लागतं. तू स्टील तरी किती जाड आणलंस!"

"पण तुम्ही कोणाला सांगणार नाही…"

"मी कशाला सांगू? मला ते काय आहे हेच आत्ता कळलं."

बुवांनी विचारलं, "आणि ज्या कागदावरून कोरलंत, तो?"

इथे मात्र मला खरंच लाज वाटली. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाच्या हातची चिठ्ठी घ्यायची, सही घ्यायची आणि काम झालं की गल्ल्याशेजारच्या तारेला खोवून ठेवायची. नंतर कोणी म्हणालं 'सूर्यकांत नाही, शशिकांत सांगितलं होतं', तर चिठ्ठी पुढे करायची.

"तारेला आहे," मी म्हणालो. "सगळ्यांत वर. सहीसकट."

बुवा असे हसले, की चष्मा मांडीवर पडला. पायरीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मलाही हसू आवरेना. फक्त मन्मथ हसत नव्हता.

"सही का केलीस रे?" बुवांनी डोळे पुसले.

"शेट म्हणाले… कर. सगळेच करतात."

"आत्ता त्या पाकिटात किती आहे?"

"काहीच नाही. म्हटलं ना, दुपारी टाकणार."

"अरे वा!" बुवांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे काहीच गेलं नाही! बारा शब्द गेले, ते काय, जगात भरपूर आहेत."

मग ते उठले आणि पट्टी पाण्याच्या माठावर आडवी ठेवून तिच्यावर पेला पालथा घातला. अक्षरं वरच्या बाजूला. कोणीही यावं, वाचावं, पाणी प्यावं.

मन्मथ त्या माठाकडे बघत राहिला. मग त्याच्याही ओठाचा कोपरा हलला.

"नवं पाकीट करू?"

"कर."

"इथेच?"

"मी आहे इथे. शेट आहेत. यांची तार आहे."

मन्मथ मोबाईल आणि एक कोरा कागद घेऊन मठामागच्या चिंचेखाली गेला. पाठ झाडाला लावली. एकदा वरही बघून घेतलं, फांदीवर कोणी नाही ना.

अर्ध्या तासानं आला. कागदाची घडी मुठीत घट्ट.

"झालं. बारा नवे शब्द. माझ्या हातानं लिहिले. ना फोटो काढला, ना कोणाला सांगितले. टाकू सगळी?"

"दोनशे रुपयांची टाक."

"दोनशे?"

"चहाचे म्हण."

त्यानं कंपनीतल्या खात्यातून तेवढी पाठवली. आम्ही तिघं त्या पडद्याकडे डोळे लावून बसलो… आणि आली. दोनशेला पाच-सहा रुपये कमी, वाटखर्च म्हणे. मन्मथनं मोबाईल वर धरला. "आली, बुवा! मधे कोणी नाही! आता टाकू?"

"आता ते पाकीट मोबाईलमधून पुसून टाक."

मन्मथचा हात तसाच वर राहिला.

"पुसू? आत पैसे आहेत!"

"तूच म्हणालास, मोबाईल विहिरीत पडू द्या."

"ते… बोलायला म्हणालो हो."

"मग आता ढकल."

…

मी तीस वर्षं गिऱ्हाइकं बघतोय. हजाराची नोट काढताना दहादा खिसा चाचपणारे पाहिलेत. पण त्या एका बटणाआधी मन्मथनं मुठीतली घडी जितकी चाचपली, तितकं मी कोणाला चाचपताना पाहिलं नाही.

पुसलं.

पडदा रिकामा. मन्मथ पुन्हा चिंचेकडे गेला. या खेपेला धावतच.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. चिंचेमागून आवाज आला, "घेत नाही!"

"काय घेत नाही?" मी ओरडलो.

"शब्द घेत नाही, शेट! चुकीचे आहेत म्हणतंय!"

मी उठायला लागलो. बुवांनी माझा सदरा धरून खाली बसवलं.

"बुवा!" रडवेला आवाज. "बरं झालं सगळी टाकली नाहीत. गेलो असतो मी! तेलघाणा गेला असता!"

बुवा हाताची घडी घालून बसले. तिकडे बघेनात, बोलेनात.

"अहो, सांगा काहीतरी!" मन्मथ तिकडून ओरडला.

बुवांनी चष्मा पुसायला घेतला.

चिंचेमागे कागद फडफडल्यासारखं झालं. मग…

"हात्तिच्या मारी!"

मन्मथ बाहेर आला तो उड्या मारतच. "उभे लिहिले होते मी! सहा एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला. आणि वाचले आडवे! तुमच्या त्या पट्टीवर आडवे होते ना, शेट, तीच सवय! उभे वाचले, खटकन उघडलं. सगळं आलं! वाटखर्च वजा जाता पैसा न् पैसा!"

त्यानं मला कडकडून मिठी मारली. माझी टोपी पडली. बायकांनी ओंजळभर आवळे त्याच्या हातात दिले, कशाबद्दल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यानं तिथेच कागदावर प्रत्येक शब्दाला आकडा घातला, आमच्याकडे पाठ करून, हातानं आडोसा धरून. सकाळी आला तेव्हा हा माणूस शहाणा दिसत होता. आता लहान मुलासारखा दिसत होता.

नाचून झालं. मोबाईल मांडीवर ठेवून तो बुवांसमोर नीट मांडी घालून बसला. कंपनीकडे अजून सात वर्षांची नाणी पडून होती. नवं पाकीट उघडं होतं. एक बोट टेकवायचा अवकाश.

त्यानं हात जोडले.

"बुवा, आता तरी सांगा… सगळी टाकू?"

बुवांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग पायरीकडे, मग चिंचेकडे. जणू या मठात आणखी कोणी आलंय का, ते शोधत होते.

मग म्हणाले,

"आता मधे कोणी नाही ना? मग विचारतोयस कोणाला?"