झाडावर किती उरली?

“पण महाराज, हेच कोडं कशाला?”

त्र्यंबकने सकाळपासून हा प्रश्न इतक्यांदा विचारला होता, की चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या मलाही त्याचा वीट आला होता.

चिंतामणबुवा ओसरीवर बसून तपकिरीची डबी उघडत होते. ती रोज अडकायची, आणि बुवा रोज तिच्याशी झटापट करायचे. नवी आणू का म्हटलं, तर नको म्हणायचे.

“कशाला म्हणजे? माझे गुरू घालायचे, म्हणून मी घालतो.”

“हे काय उत्तर झालं?”

“नाही झालं,” बुवा म्हणाले. “डबी उघडून दे.”

आमच्या मठाची रीतच तशी आहे. संध्याकाळी पिंपळाच्या पारावर निरूपणाला बसायचं, आणि ओवी म्हणायच्या आधी लोकांना कोडं घालायचं. ‘झाडावर दहा पाखरं बसली होती. एकानं गोफण मारली, एक पाखरू पडलं. झाडावर किती उरली?’ पोरंटोरं ‘नऊ’ म्हणून ओरडतात, मोठी माणसं हसतात, मग निरूपण सुरू होतं. मठात आल्यापासून मी दुसरं कोडं ऐकलेलं नाही.

बुवांना आता पार चढवत नव्हता. त्या संध्याकाळी त्र्यंबक पहिल्यांदा वर बसणार होता. निरूपण संपल्यावर श्रोत्यांनी पुढ्यात नारळ ठेवला, की गादी त्याची. काशीहून शिकून आल्यापासून तो याच दिवसाची वाट बघत होता. विद्वान होताच तो, त्यात वाद नाही. फक्त समोरच्याला ते विसरू द्यायचा नाही.

“मी शोध घेतलाय याचा,” तो म्हणाला. “बाजारात फिरलो, गोंधळ्यांना विचारलं, म्हाताऱ्या मास्तरांना विचारलं. कुठं गोफण, कुठं बंदूक. कुणाचे कावळे, कुणाचे पोपट. ज्याला विचारावं तो म्हणतो मामानं घातलं होतं, आणि मामाला त्याच्या आजानं. कर्ता नाही, ग्रंथ नाही, आधार नाही.”

“मग टिकलं कसं?”

“फसलेल्या माणसाला चैन पडत नाही म्हणून. तो लगेच दुसरं गिऱ्हाईक शोधायला निघतो. लहानपणी फसलेला पोरगा म्हातारा झाला, की नातवाला मांडीवर घेऊन हेच विचारतो. आणि गंमत बघा, कोडं कुणी रचलं ते कुणाला माहीत नाही, पण आपल्याला कुणी फसवलं ते प्रत्येकाला आठवतं.”

बुवांनी मान डोलावली. “चांगलं शोधलंस. तुला कुणी फसवलं होतं?”

“मला?” त्र्यंबक हसला. “मला काकांनी घातलं होतं. मी तेव्हाच सांगितलं, एकही नाही. बाकीची उडून जाणार, त्यात काय कळायचं?”

“अरेरे…” बुवा म्हणाले.

ते खरंच हळहळले होते. त्र्यंबकच्या कपाळाची शीर उठली. इकडं माझी भाकरी करपली.

“महाराज, मी एवढी शास्त्रं शिकलो ती पोरांना हसवायला नाही. आज कोडं घातलं नाही तर?”

“तर नारळ नाही.”

“बरं,” तो म्हणाला. “घालतो.”

संध्याकाळी अंगण भरलं होतं. बुवा समोरच्या भिंतीशी घोंगडी टाकून श्रोत्यांत बसले. त्र्यंबक पारावर समईशेजारी, ताठ. नारळ शिंप्याच्या गणपाच्या हातात होता.

चंद्राक्का नेहमीच्या जागी होती. ती भाजी विकायची. गुडघे गेलेले, म्हणून पाराच्या दगडाला पाठ टेकून, अगदी खाली बसायची. कोड्याचं उत्तर पोरांच्या आधी तीच द्यायची आणि मग अशी हसायची, जणू तिला ते आत्ताच कळलंय. पोरं तिच्यावर चिडायची. उद्या ती पुन्हा हसणार म्हणून मोठी माणसं मात्र आदल्या दिवसापासून हसायला तयार असायची.

त्र्यंबकने कोडं घातलं. घातलं कसलं, कडू काढा गिळल्यासारखं उरकलं.

“एक बी न्हाई!” खालून आवाज आला. “समदी भुर्र!”

अंगण हसलं. त्र्यंबक थांबला. हसणं ओसरल्यावर त्यानं ओवीला सुरुवात केली, तर चंद्राक्काला पुन्हा उमाळा आला. तिच्याकडं बघून बायकांना आला, बायकांकडं बघून गड्यांना. त्यानं दुसऱ्यांदा ओवी धरली. परत तेच.

“बाई,” तो म्हणाला.

ती हसतच होती.

“बाई, रोज तेच ऐकता आणि रोज दात काढता. खांद्यावर डोकं आहे की मडकं? इथं ज्ञानाची गोष्ट चाललीय. झेपत नसेल तर भाजी विकत बसावं, इथं येऊ नये.”

हसणं थांबलं.



मागचा एक गडी उठला. “धार काढायची राहिली,” असं कुणाकडं न बघता म्हणाला आणि गेला. मग बायका उठल्या, त्यांनी पोरांना दंडाला धरून उठवलं. कुणी भांडलं नाही, कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. शेवटी शिंप्याच्या गणपानं नारळ काखेत मारला आणि तोही चालू लागला.

त्र्यंबक जाणाऱ्या पाठींना ओवीचा अर्थ सांगत राहिला. 

“बघितलंत, महाराज?” त्याचा आवाज चढला होता. “अशांपुढं मी काय डोकं फोडायचं?”

बुवांनी डबीशी खुडबुड केली. ती उघडली नाही. त्यांनी ती ठेवून दिली.

“त्र्यंबक.”

“काय?”

“किती उरली?”

त्र्यंबक काहीतरी ताडकन बोलणार होता. पण त्याआधी त्यानं रिकाम्या अंगणाकडं पाहिलं, पडवीकडं पाहिलं, उघड्या राहिलेल्या फाटकाकडं पाहिलं…



“एकही नाही, महाराज,” तो म्हणाला. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. “गोफण मीच मारली. एकीला मारली आणि सगळी उडाली. आता कळलं मला कोडं.”

त्याचे डोळे भरले होते. मलाही बरं वाटलं. चला, म्हटलं, सुटला एकदाचा हा गुंता, उद्या गणपाला नारळ घेऊन परत बोलावू.

पण बुवा उठले. काठी टेकत पारापाशी आले. हात वर करून त्यांनी समई ओढून घेतली आणि पाराच्या कडेखाली धरली.

उजेड चंद्राक्कावर पडला. ती तिथंच होती. दगडाला टेकलेली, तोंडावर पदर ओढलेला, खांदे हलत होते. वर बसलेल्या माणसाला ती जागा दिसतच नाही.

बुवा समई धरून उभे राहिले. तेल त्यांच्या मनगटावर ओघळत होतं.

“आज पहिल्यांदा चुकलास,” ते म्हणाले. “ज्याला लागतं, ते उडत नाही. उतर खाली.”