उतावळं मडकं

मडकी बोलायची, त्या काळची गोष्ट. एका पाड्यावर रायजीबाईनं लग्नासाठी मोहाची फुलं दोन मडक्यांत आंबत घातली होती. दारू गाळली की पहिली धार पितरांना, असा रिवाज.

पाहुणे अंगणात येऊन बसले. रायजीबाईनं मडक्यांना कान लावला.

"मी तयार आहे, आजी!" धाकटं बुडबुडत म्हणालं. "थोरलं बघ, कसं मेल्यासारखं गप्प."

घाईत तिनं धाकटंच चुलीवर चढवलं. फेस उतू गेला, चूल विझली. पितरांसाठी द्रोण धरून बसलेले म्हातारे रिकाम्या द्रोणाकडे बघत राहिले.

"आंबणं पुरं झालं की मडकं गप्प होतं," रायजीबाई खालमानेनं म्हणाली. "ठाऊक असून तुझं ऐकलं."

तिनं थोरलं उचललं. धाकट्याला शरमेनं तोंड मिटून बसायचं होतं. पण पोटातली बुडबुड थांबेना, आणि सारं अंगण ऐकत होतं.