दोन घंट्या

एक होतं नदीकाठचं शहर, आणि त्या शहरात राहत होता मोरेश्वर नावाचा सायकली दुरुस्त करणारा. बायको द्वारका, थोरली नलू आणि सात वर्षांची बकुळ, एवढंच त्याचं घर. दुकान बोळात, गिऱ्हाईक तुरळक. पण दर रविवारी चौघं चार सायकली काढत आणि नदीकाठच्या सिमेंटच्या सायकलवाटेनं फिरून येत.

द्वारकेनं या फिरण्याला एक रीत घालून दिली होती. लहान पुढं, मोठं मागं. आणि बोलायचं ते घंटीनं. एक घंटी म्हणजे निघा, दोन म्हणजे असाल तिथं थांबा. बकुळकडून तिनं हे घोकून घेतलं होतं.

एका रविवारी त्या वाटेवर कुटुंबांची फेरी ठरली. धरणाजवळच्या बागेत जे घर सगळ्यांत आधी पोचेल, त्याच्या गळ्यात हार. शेजारचे सबनीस गिअरच्या नव्या सायकली घेऊन आले आणि म्हणाले, "काय मोरोबा, तुमची वरात दिवेलागणीपर्यंत पोचेल ना?"

मोरेश्वरला ते झोंबलं. "आज मी पुढं," तो म्हणाला. "तुम्ही दोघी माझ्या चाकाला चाक लावून या. बकुळ येईल मागून."

"अहो, लेकराला कुणी मागं ठेवतं का?" द्वारका म्हणाली.

"वाट सरळ आहे. चुकायला ती काय रानात चाललीय?"

निघाले. वाटेवर माणसंच माणसं. मोरेश्वर घंटी वाजवत सुटला. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. लोक बाजूला होत, तो पुढं काढी. उंबराचं वळण गेलं, पूल गेला, सबनीस मागं पडले. बागेची कमान दिसली.

कमानीत एक बाई वही घेऊन उभ्या होत्या. "घरची माणसं किती?"

"चार," म्हणत मोरेश्वरनं मागं पाहिलं. द्वारका होती, नलू होती. त्यांच्यामागं वाट रिकामी.

"येईलच," तो म्हणाला.

सबनीस आले, हार घालून फोटोला उभे राहिले. आणखी एक घर आलं, मग आणखी एक. बकुळ नाही.

पुलापाशी एक उतार थेट नदीत जात होता. तिथं कठडा नव्हता. मोरेश्वर आणि द्वारका, दोघांनाही तो आठवला. सायकली वळवल्या. मोरेश्वर दिसेल त्याला विचारी, "निळ्या सायकलवरची पोरगी पाहिली का?" लोक म्हणत, "इतक्या पोरांत कोण लक्ष ठेवतंय?"

उतारावर चिखल होता. चिखलात चाकाचा माग, पार पाण्यापर्यंत. मोरेश्वर सायकलवरून उतरला. तो खाली बसला, मागावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्याच्या जिवात जीव आला. "जाड टायर आहे. मोठ्या सायकलीचा. तिचा नाही."

द्वारका त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, मघाशी घंटी किती वेळा वाजवत होता?"

मोरेश्वरनं मान खाली घातली. "दोनदा."

"पहिल्यांदा कुठं वाजवलीत?"

"उंबराच्या वळणावर."

वळणाअलीकडं बकुळ उभी होती. एक पाय जमिनीवर, दोन्ही हात ब्रेकवर, ओठ सुकलेले. शेजारी वाटेचा रखवालदार. "तासभर सांगतोय, चल सोडतो," तो म्हणाला. "हलायला तयार नाही. म्हणते, बाबांनी थांबवलंय."

बकुळनं बापाकडं पाहिलं. "तुम्हीच थांब म्हणालात, आणि तुम्हीच गेलात."

मोरेश्वर तिथंच वाटेवर बसला आणि त्यानं तिला पोटाशी धरलं. "चुकलो, बाळा. आता तू पुढं."

चौघं बागेत पोचली तेव्हा मांडव सुटत होता, हार संपले होते. रखवालदारानं मात्र वहीवाल्या बाईंना सगळं सांगितलं. त्या सायकलवाटेचा कारभार बाईंकडेच होता. वाटेवर पोरं धडकत, हरवत, त्यामुळे बाई मेटाकुटीला आल्या होत्या. त्या द्वारकेला म्हणाल्या, "तुमची ही रीत आमच्या पोरांना शिकवाल?"

पुढच्याच रविवारी कमानीखाली द्वारकेची शाळा भरली. तिच्या शेजारी मोरेश्वरला दुकानाला जागा मिळाली. बोळात माश्या मारत बसणारा माणूस, आता त्याला जेवायला उसंत मिळेना. घराला बरे दिवस आले.

तात्पर्य: मोठी माणसं घाईत आपलाच शब्द विसरतात, पण लहान मूल तो धरून उभं असतं, म्हणून मुलांना शिकवलेला शब्द आधी आपण पाळावा.