पाठ नसलेला कोट

"खांद्यात थोडी भरणी घालता येणार नाही का, मास्तर?"

रणधीर सरनोबतची नजर आरशावरून हलत नव्हती. नव्या रहस्यपटात त्याला जुन्या काळचा गुप्तहेर रंगवायचा होता. त्यासाठी तो मुंबईहून थेट कोल्हापूरला, हसनमास्तरांच्या दुकानात आला होता. एके काळी इथल्या स्टुडिओंतल्या रहस्यपटांच्या नायकांना मास्तरच कोट शिवायचे.

"हायत की तुम्हाला खांदे," मास्तर म्हणाले.

"तसं नव्हे. ते जुने नायक आठवा. कॉलर वर, हात खिशात. समोर प्रेत पडलंय तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. पुरुष असावा तर असा! आणि ते सगळं तुमच्या कोटामुळं."

मास्तरांनी सुईत दोरा ओवला. घाई त्यांना कधीच नव्हती.

"त्या कोटांना पाठ नव्हती, सायेब."

"...म्हणजे?"

"दिव्यांचा उकाडा लई. कोट लोकरीचा. नायक चक्कर येऊन पडायचे. मग मी नुसतं पुढचं शिवायचो. पुढं कॉलर, बटणं, खिसे, सगळं झ्याक. मागं चार नाड्या."

रणधीर खो खो हसला. "आणि नायिकेनं मिठी मारली तर?"

"मारू द्यायची न्हाई. दिग्दर्शकाला मी आधीच सांगून ठेवायचो. हात मागं गेला की नाड्या हाताला लागणार. मग ती रडत जवळ यायची आणि हे आपले खिशात हात घालून खांबागत उभे." मास्तर थांबले. "लोक म्हणायचे, काय कडक गडी हाय!"

रणधीरचं हसू कुठल्या कुठे गेलं.

आठ महिन्यांपूर्वी माहेरी जाताना शुभदाने, त्याच्या बायकोने, दारातच त्याला मिठी मारली होती. हा पठ्ठ्या खिशात हात घालून उभा. तिला वाटलं असेल, याला काही वाटतच नाही. वाटत होतं. फार वाटत होतं. ती परत आली नव्हती. तेव्हापासून तो टीव्ही मोठ्याने लावून एकटा जेवायचा. फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा.

"हात वर करा," मास्तर म्हणाले.

छातीचं माप घ्यायला त्यांनी दोन्ही हात त्याच्या पाठीमागे नेले. खडूचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास आला. त्यांचं पांढरं डोकं त्याच्या छातीला जेमतेम टेकलं. आठ महिन्यांत इतकं जवळ कुणी आलं नव्हतं.

रणधीरने श्वास रोखून धरला.

टेप सुटली.

"परत घ्या, मास्तर... चुकलं असेल."

साठ वर्षांत मास्तरांचं माप कधी चुकलं नव्हतं. तरी त्यांनी पुन्हा त्याच्या छातीभोवती टेप धरली. आकडा मात्र पाहिला नाही.

रणधीरची हनुवटी थरथरू लागली तशी त्याने छाती आणखी पुढे काढली.

"मास्तर... माझ्या कोटाला पाठ लावाल ना?"

मास्तरांनी हात काढले नाहीत.

"एवढं ताठ उभारू नका, सायेब. कोट मोठा व्हायलाय."