पोफळीवरून न उतरलेला देऊ

सातवळ्याच्या ओढ्यापलीकडे पोफळीची एक बाग आहे. तिला कुंपण नाही, राखणदार नाही, तरी तिथली सुपारी कोणी काढत नाही. पिकते, पडते, कुजते. खोडांवर उडते सरडे असतात. सालीच्या रंगाचे, हलले तरच दिसणारे. गावातले सोमा गवस सरडे बघायला आलेल्या आम्हाला बागेच्या कडेपर्यंत घेऊन आले, पण आत शिरले नाहीत.

ते सांगतात, पूर्वी ही बाग गावकराची, म्हणजे गावच्या मानकऱ्याची होती. देऊ नावाचा पाडेली तिथे सुपारी काढायचा. पाडेली प्रत्येक झाडावर नव्याने चढत नाही. शेंड्यावर झोका घेतो, पोफळ वाकते, शेजारची हाताला लागते. देऊ असा ओळीच्या ओळी पार करायचा. एका चैत्रात गावकर म्हणाला, सूर्य मावळेपर्यंत जमिनीला पाय न लावता सगळ्या बागेची सुपारी उतरवलीस, तर बाग तुझी. देऊला स्वतःची वीतभर जमीन नव्हती. त्याने शब्द दिला.

त्याची बायको येसू, दिवस भरलेली, दुपारी पेज घेऊन आली आणि झाडाखालीच तिला कळा सुरू झाल्या.

"खाली येवा," ती म्हणाली.

"जरा दम धर. दोनच ओळी रवल्यात."

तिने पुन्हा हाक मारली, म्हणे. मग मारली नाही.

सूर्य टेकताना शेवटचा घड पडला. बाग देऊची झाली. तो उतरू लागला, पण पाय जमिनीपर्यंत पोचेनात. येसूला हाक मारायला गेला तर आवाज गळ्यातच अडकला, गळा पिकल्या सुपारीसारखा पिवळा होऊन फुगला. बरगड्यांवरची कातडी पंखासारखी पसरली. तो या खोडावरून त्या खोडावर झेपावत राहिला.

लोक धावत आले तेव्हा खाली येसू नव्हती, मूल नव्हतं. हातांनी उकरून पुन्हा थापलेली ओली माती तेवढी होती. एकाने कुदळ उचलली. म्हातारी सुईण आडवी आली.

"खणू नकात. ठेवलेला जेचा, तेका म्हायत."

गावकराने शब्द पाळला. पण बाग घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

आजही चैत्रात या सरड्यांचा नर खोडावर पिवळा गळा फडकवत राहतो, आवाज मात्र काढत नाही. मादी एरवी झाड सोडत नाही. तेव्हा मात्र खाली येते, तोंडाने माती उकरते, अंडी घालते, डोक्याने माती थापते आणि परत चढते. त्या दिवसांत सातवळ्यात पोफळीखाली कुदळ पडत नाही. गावातल्या इतर बागांत प्रत्येक पाडेली ओळ संपली की खाली उतरतो, दोन्ही पाय मातीवर टेकतो आणि "इलंय", म्हणजे आलोय, असं म्हणतो. घरात बाई गरोदर असेल तर तो चढतच नाही. सोमांची सून सात महिन्यांची गरोदर आहे, त्यामुळे त्यांचा पाडेली मुलगा यंदा घरी बसून आहे.

आम्ही म्हटलं, काका, हा साधा सरडा आहे, पुस्तकात याची सगळी माहिती आहे.

"सरडोच तो," सोमा म्हणाले. "पण खणान बघूक कोण जातलो?"

आमच्यातलं कोणी पुढे झालं नाही.