नुन्त्साच्या गच्चीवरचा चुना

सान्तामोराच्या धक्क्यावर बोटीतून उतरलं की समोर दगडी पायऱ्या लागतात आणि पायऱ्यांच्या उजव्या अंगाला एक खोपटं. एक दार, एक खिडकी, वर सपाट गच्ची, संपलं. दोन्ही बाजूंना टोलेजंग हवेल्या, कोरीव सज्जे, सज्ज्यांखाली जिभा बाहेर काढलेले दगडी सिंह आणि मधेच हे. सिसिली बेटाच्या खालच्या अंगाला आहे हे गाव. तिथं येणारे पाहुणे नाकाला पांढरं मलम फासून येतात, सिंहांचे फोटो काढतात आणि खोपटाकडे पाठ करून उभे राहतात. राहू देत. सिंहांनाही सोबत लागते.

पण पायऱ्या चढून वर गेलं आणि खाली वळून बघितलं की ज्याला डोळे आहेत तो थांबतो. त्या टीचभर घराच्या गच्चीवर हातभर जाड चुना आहे. वर्षांमागून वर्षं थरावर थर चढलेला, कडेला खरवसाच्या वडीसारखा फुगून बाहेर आलेला. भिंती खाली दबून बसल्यात, गच्ची वर चढत चाललीय. हे असं का, ते धक्क्यावर भाजलेले चणे विकणाऱ्या म्हाताऱ्या सांगतात. विचारलं तरच सांगतात आणि चणे घेतले तर नीट सांगतात.

तीनशे वर्षं झाली म्हणे. बेटावर तेव्हा स्पेनच्या राजाचं राज्य होतं. राजा बसला स्पेनात, कारभाराला इकडे त्याचा सुभेदार. सान्तामोराला नदी नाही, ओढा नाही, विहीर खणावी तर खारं पाणी. गोडं पाणी एकच, आभाळातलं. म्हणून घराघरावर सपाट गच्ची, गच्चीला पन्हळ आणि पन्हळीखाली, घराच्या पोटात, खडकात कोरलेलं टाकं. त्या मुलखात उन्हाळाभर थेंब पडत नाही, पाऊस येतो उन्हाळा सरल्यावर. तेव्हा सप्टेंबरात टाक्यातला गाळ उपसायचा, तळ घासून कोरडा करायचा, गच्ची झाडायची आणि वर चुन्याचे दोन हात द्यायचे. चुन्यावरून आलेलं पाणी वर्षभर गोड राहतं, त्यात किडा होत नाही. हे त्या गावात रांगतं पोरही जाणतं. न जाणणारा एकच निघाला आणि गावाने त्याला प्रमुख केला.

त्याचं नाव गास्पारे. बाप मेला आणि सगळ्यात मोठी हवेली याच्या नावावर झाली, एवढ्यावर हा प्रमुख झाला. दुसरं काही कारण असेल तर ते आजपर्यंत कुणाला सापडलेलं नाही. आयुष्यात एकदा हा राजधानीला, पालेर्मोला, अकरा दिवस राहून आला होता. गेला तेव्हा नुसताच मूर्ख होता, आला तो रुमालाला अत्तर लावून आला. मग गावात काहीही दिसलं की, राजधानीत असं नसतं. कोंबडी आडवी गेली, राजधानीत असं नसतं. बायको शिंकली, तरी तेच.

एका वर्षी खबर आली की सुभेदार ऑक्टोबरात जहाजाने गावाला भेट देणार. गास्पारे होडीत बसून मैलभर समुद्रात गेला, सुभेदाराला गाव कसं दिसेल ते बघायला. परत आला तो पांढराफटक पडून. समुद्रातून गाव म्हणजे नुसत्या पांढऱ्या गच्च्या दिसतात म्हणाला, धोब्याने चादरी वाळत घातल्यासारख्या. राजधानीत छपरं कशी लाल असतात. कौलं घालायला तर वेळ नाही, तेव्हा यंदा चुना नको. सगळ्या गच्च्यांना लाल रंग. लाल माती माशाच्या तेलात कालवायची, म्हणजे चकाकी येईल.

गावचे अकरा पंच ही अक्कल ऐकत बसले होते. अकरांच्याही घराखाली टाकं होतं, अकराही जण त्याच गच्चीवरून आलेलं पाणी पीत होते. एकाने म्हणे घसा खाकरला. गास्पारेने मान वळवून बघितलं, तसा तो म्हणाला, घशात धूळ गेली. मग अकरांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन आपापल्या पाण्यावर माशाचं तेल ओतायला निघाले. आपल्याला कुणी अडाणी म्हणू नये एवढीच त्यांना काळजी. तहानेची काळजी बायकांनी करायची.

धक्क्यावरच्या खोपटात नुन्त्सा राहायची. विधवा बाई, कोळ्यांची जाळी शिवायची, दात चारच उरले होते पण जीभ शाबूत होती. तिचा नवरा व्हितो खाणीत दगड फोडायचा आणि घरी येऊन पुन्हा दगडच फोडायचा. चौदा वर्षं खपून त्याने त्या खोपटाखाली टाकं खणलं, ते देवळाच्या गाभाऱ्याहून मोठं. गाव हसायचं, घर खुराड्याएवढं आणि पाणी पलटणीला पुरेल एवढं. टाकं पुरं झालं आणि त्याच वर्षी छातीत दगडाची धूळ बसून व्हितो गेला. त्या टाक्यातलं पहिलं पाणी नुन्त्साने त्याच्या शेवटच्या अंघोळीला उपसलं. पुढे एकटीला ते उपसून कोरडं करणं कधी जमलं नाही, वर्षांमागून वर्षांचं पाणी त्यात साठत गेलं. मूल नाही, शेत नाही. तिला नवरा राहिला होता तो त्या घराच्या पोटात.

गच्ची लाल करायचा हुकूम द्यायला गास्पारे स्वतः गेला, कारण धाडलेला माणूस हसत परत आला होता. नुन्त्साने तोवर चुन्याचा पहिला हात देऊनही टाकला होता. ती म्हणाली, "करते की लाल. पण बाळ गास्पारे, आधी तू तुझ्या टाक्यातलं लाल पाणी पिऊन दाखव."

याच्या नाकाला ते झोंबलं. त्याने तिथेच सांगितलं, शनिवारपर्यंत गच्ची लाल झाली नाही तर सोमवारी घर पाडायचं. तसंही जहाजातून उतरल्यावर पहिलं दर्शन याच दळिद्राचं होतं.

नुन्त्साकडे रंगाची बादली पोचवली. तिने ती गास्पारेच्या सज्ज्याखाली नेऊन ठेवली. माशाचं तेल ते, गावातली सगळी मांजरं तिथं जमली आणि दोन दिवस, दोन रात्री त्याच्या खिडकीखाली भांडली. दुसरी बादली आली. तिच्यातून तिने आपली शेळी लाल केली, भर बाजारातून फिरवली आणि विचारील त्याला सांगितलं, राजधानीत अशाच असतात. गाव पोट धरून हसलं. हसण्यात गावाचा हात कुणी धरणार नाही. पण घर पाडू नका असं म्हणायला एक जण पुढे झाला नाही.

सोमवारी सकाळी पहारी घेऊन पाच गडी आले, मागून हातात काठी घेऊन गास्पारे. नुन्त्सा स्टूल घेऊन गच्चीवर जाऊन बसली होती, मांडीवर जाळं. पाडा म्हणाली, पण माझे पाय दुखतात, मी काही उतरत नाही, माझ्यासकट पाडा. ते पाचही जण तिच्या हातचं पाणी कितीदा प्यायले होते. त्यांनी दाराशेजारची भिंत अशी हलक्या हाताने ठोकायला घेतली, जसा कुणाचा दरवाजा वाजवावा. गास्पारे ओरडत राहिला. दुपारपर्यंत तीन दगड निखळले.

आणि भर दुपारी समुद्रावरून ढग आला. पाऊस त्या वर्षी तीन आठवडे लवकर आला असं सांगतात. आला तो कोसळतच आला. गास्पारे आणि गडी समोरच्या सज्ज्याखाली पळाले आणि तिथून त्यांनी बघितलं. तेल अजून वाळलं नव्हतं. प्रत्येक गच्चीवरून, प्रत्येक पन्हळीतून लाल पाणी धो धो टाक्यांत चाललं होतं, खाटकाच्या दुकानाची मोरी फुटावी तसं. बायका पन्हळींत चिंध्या कोंबायला धावल्या, पाण्याने चिंध्या बाहेर फेकल्या. टाकी तर नुकतीच घासूनपुसून रिकामी केलेली. संध्याकाळपर्यंत सगळी भरली, काठोकाठ, वर तेलाचे डोळे तरंगतायत आणि वास असा की मांजरंसुद्धा दाराशी येऊन बसली.

पाणी म्हणावं असं पाणी एकाच टाक्यात आलं. ते नुन्त्साचं.

पुढे दोन दिवस गाव दारूवर राहिलं. पंच मंडळींना त्याचं फार दुःख झालं नाही. पण तान्ह्या पोरांना दारू पाजता येत नाही. तिसऱ्या दिवशी बायका कळश्या घेऊन खोपटाच्या दारात आल्या, खाली मान घालून. नुन्त्साने कुणाला काही विचारलं नाही. दोर सोडायची, ओढायची, भरून द्यायची. हाताची सालं गेली तेव्हा दोन कोळिणींनी दोर तिच्या हातातून घेतला. फक्त गास्पारेचा नोकर सहा रांजण घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "तहान तुला लागली असेल तर तू पी. गास्पारेला लागली असेल तर गास्पारेने यावं."

नोकर पोटभर प्यायला आणि रिकामे रांजण घेऊन गेला.

गास्पारे आणखी एक दिवस तसाच राहिला. मग पुढे धाडलेली होडी सुभेदाराचा निरोप घेऊन आली. जहाज उद्या पोचतंय, वाटेत पाणी नासलं, सुभेदारसाहेब आजारी आहेत, धक्क्यावर दोनशे पिंपं गोडं पाणी तयार ठेवावं. आता मात्र याला घाम फुटला. पाणी दिलं नाही तर प्रमुखपद जाणार, आणि ते गेलं तर याच्याकडे अत्तराच्या रुमालाखेरीज उरतं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. मखमलीचा कोट, चांदीची बटणं, स्वागताच्या तयारीत. सगळ्या बायका दोराशी उभ्या होत्या, त्यांच्यासमोर त्याने पाणी मागितलं.

"घे की," नुन्त्सा म्हणाली. "व्हितोने खणलंय ते सगळ्यांसाठीच. पण गच्चीला चुन्याचा एकच हात झालाय. दुसरा द्यायच्या वेळी तुझे पहारवाले आले. तेवढा दे आणि भर तुझी पिंपं."

माणूस धाडतो म्हणाला. ती नको म्हणाली. जहाज गेल्यावर देतो म्हणाला. तिने विचारलं, जहाजाला पाणी आधी लागतं का गेल्यावर. शेवटी तो आवाज चढवून म्हणाला, की बरं, तुझं घर मी पाडत नाही, राहू दे तुला.

"घर राहिलेलंच आहे, बाळा. तू राहतोस का ते बघ."

तो शिडी चढला. सपाट गच्चीला चुना द्यायचा तर गुडघ्यांवर बसावं लागतं, उभ्याने होत नाही. बसला. खालून बायका सांगायला लागल्या. पातळ करतोयस, जाड करतोयस, कुंचा आहे तो, पंखा नव्हे. राजधानीत असाच धरतात का गं, एकीने विचारलं. अकरा पंच लांब उभे राहून आकाशाकडे बघत होते, तिथं काही महत्त्वाचं चाललंय असं दाखवत.

आणि जहाज लागलं. सुभेदार दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उतरला, तोंड पिवळं, पोटात काही ठरत नव्हतं. स्वागत नको, भाषण नको, पाणी द्या म्हणाला. नुन्त्साने कळशी दिली. त्याने घटाघट सगळी संपवली, दुसरी मागितली, तीही संपवली आणि मग त्याचे डोळे उघडले. मखमल घालून गच्चीवर कोण रांगतोय, त्याने विचारलं.

वर गास्पारेचा कुंचा थांबला. हीच ती घटका. बाई काय बोलते यावर याचं पद आणि जहाज गेल्यावर हा काय करतो यावर तिचं घर. कबूल केलेलं हा चार दिवस पाळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नुन्त्साने पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला आणि अगदी गरिबीने म्हणाली, "तो आमचा प्रमुख, साहेब. आमच्याकडे रीत आहे. दरवर्षी पावसाआधी प्रमुखाने धक्क्यावरच्या या घराची गच्ची स्वतः चुन्याने सारवायची. त्याशिवाय त्याला कुणी प्रमुख मानत नाही. खरं ना रे, गास्पारे?"

अशी रीत त्या गावात कुणी कधी ऐकली नव्हती. सुभेदार वर बघत राहिला. गास्पारेच्या नाकावर चुना होता. नाही म्हणावं तर सांगावं लागणार की मग वर काय करतोयस, आणि गावाच्या पाण्याचं काय केलंस. त्याने मान हलवली. खरं आहे, म्हणाला.

सुभेदाराला रीत फार आवडली. मोठ्या माणसांना दुसऱ्याने गुडघ्यांवर बसलेलं आवडतंच. त्याने कारकुनाला बोलावलं आणि तिथेच लिहवून घेतलं, की सान्तामोराची ही जुनी रीत राजाच्या हुकुमाने कायम करण्यात येत आहे, आणि ती जो मोडील त्याचं पद जाईल. खाली लाखेची मोहोर. गच्ची सारवायची म्हणजे गच्ची पाहिजे, आणि गच्ची पाहिजे म्हणजे तिच्याखाली भिंती पाहिजेत. मोहोर वाळेपर्यंत गास्पारेच्याही हे ध्यानात आलं म्हणतात. त्याच्यासाठी ते लवकरच झालं. निखळलेले तीन दगड त्यानेच बसवून दिले.

नुन्त्सा पुढे पुष्कळ वर्षं जगली. दर सप्टेंबरात खाली स्टूल टाकून बसायची आणि कोपरे नीट झाले का ते त्याला वरून सांगायला लावायची. ती गेली तेव्हा अंघोळीचं पाणी त्याच टाक्यातलं घेतलं. गास्पारेच्या नावाचा गावात रस्ता नाही, बोळ नाही, साधी मोरीही नाही.

आजही सान्तामोरात सप्टेंबरातल्या एका रविवारी नगराध्यक्ष खांद्यावरचा मानाचा पट्टा सावरत शिडी चढतो आणि गुडघ्यांवर बसून त्या गच्चीला चुना देतो. नळ आले, टाकी बुजली, राजा गेला, सुभेदार गेला. बायका मात्र खाली उभ्या असतात आणि वर्षभरात रस्त्यावर किती खड्डे पडले तेही त्याच वेळी ऐकवतात. एका अध्यक्षाने मध्यंतरी फवाऱ्याचं यंत्र घेऊन माणूस पाठवला होता. बायकांनी त्या माणसाला जेवू घातलं, यंत्र ठेवून घेतलं आणि अध्यक्षाला निरोप धाडला, शिडी लावून ठेवलीय.

आणि निवडणुकीला कुणी उभा राहिला, की मतं मागायला तो दारोदार फिरतो, हातात छापील कागद, कागदावर मोठमोठी आश्वासनं. सान्तामोराच्या म्हाताऱ्या तो कागद घेतात, चण्याची पुडी बांधायला बाजूला ठेवतात, आणि त्याला एवढंच विचारतात की बाबा, तुझे गुडघे कसे आहेत.