निंबाजीपुढचा आडवा हात

फार फार पूर्वी, राजेसुद्धा पायी प्रवास करत तेव्हा, डोंगरातल्या एका खोऱ्यात एक गुरुकुल होतं. तिथल्या मुलांना एका खेळाचं भारी वेड. उंच खांबाला वेताचं कडं बांधायचं, दोन संघांनी एका चेंडूसाठी झटायचं आणि तो त्या कड्यातून पार करायचा.

निंबाजी नावाचा विद्यार्थी या खेळात इतका तरबेज होता, की त्याने चेंडू उचलला की बायका हातातलं दळण सोडून बघायला येत. देवीच्या जत्रेत त्याला मानाचा फेटा मिळाला.

आणि तिथेच घोळ झाला. कारण खोऱ्याची रीत अशी, की ज्याच्या डोक्यावर मानाचा फेटा, त्याच्यापुढे खेळात कुणी हात आडवा घालायचा नाही. घातला तर तो देवीचा अपमान.

त्यामुळे निंबाजी धावायचा, उडी घ्यायचा, चेंडू कड्यातून टाकायचा. बाकीचे बाजूला सरून टाळ्या वाजवायचे.

मग तो राजसंघाच्या निवडीसाठी राजधानीत गेला. तिथे त्याने चेंडू उचलताच चार हात त्याच्या तोंडासमोर आले. असं कधी घडलंच नव्हतं. तो गांगरला. त्याचा एकही चेंडू कड्यापर्यंत पोचला नाही.

राजसंघाच्या वृद्ध उस्तादांनी त्याला जवळ बसवलं. "पोरा, हात तुझा सुरेख आहे. पण तुला आजवर कुणी अडवलेलं दिसत नाही. वर्षभर रोज कुणाला तरी समोर उभं कर आणि पुढच्या वसंतात ये. त्यानंतर मात्र तुझं वय बसणार नाही."

निंबाजी मोठ्या उमेदीने परतला. बातमी त्याच्याआधीच गावात पोचली होती आणि पारावर वाद रंगला होता.

"आपला निंबा राजसंघात चमकलाच असता," तेलीबुवा म्हणत होते. "राजधानीवाल्यांना डोंगरातली माणसं खुपतात, दुसरं काय!"

"चमकतोय कसला! उंची बघा त्याची," कुंभारकाका म्हणाले. "तिकडची पोरं ताडमाड असतात."

"उंचीचं तुम्ही बोलू नका हो!" तेलीबुवा उसळले. "तुम्हाला फळीवरचं मडकं काढायला पाट लागतो."

सगळे खदखदून हसले.

"बुवा, काका, वाद राहू द्या," निंबाजी म्हणाला. "मला रोज अडवायला दोघं-तिघं द्या. एक वर्ष आहे माझ्याकडे."

हसणारे मागे सरकले. "मानकऱ्यापुढे हात? नाही रे बाबा, आमच्याने नाही व्हायचं."

निंबाजीने डोक्यावरचा फेटा काढला आणि देवळात नेऊन देवीच्या पायाशी ठेवला. "आता मी मानकरी नाही. आता तरी या!"

गुरुजींनी तो फेटा उचलून प्रेमाने पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवला. "वेडेपणा करू नकोस. तू आमची शान आहेस."

एका मित्राने मात्र धीर केला. मैदानात उतरून त्याने निंबाजीचा चेंडू हवेतच हाणून पाडला. "पुन्हा!" निंबाजी आनंदाने ओरडला. पण बघणाऱ्यांनी मित्रालाच धारेवर धरलं. "जळतोस होय रे त्याच्यावर?" दुसऱ्या दिवशी मित्र आला नाही.

शेजारची गावंही तीच रीत पाळणारी. शेवटी निंबाजी झाडांसमोर खेळू लागला. पण झाडं काही उडी मारून चेंडू अडवत नाहीत.

इकडे पारावरच्या वादाला ऊत आला. गावात दोन तट पडले. माणसं लवकर जेवून पारावर जागा धरू लागली. कुणी निंबाजीच्या मनगटाची वाखाणणी करी, कुणी त्याच्या पायांतले दोष काढी. सांगा वाचकहो, एवढी माणसं, एवढे हात, आणि सगळे हवेत नाचवून नुसते बोलत होते! त्यांतला एकही हात मैदानात गेला नाही.

वसंत आला. निंबाजी राजधानीत गेला. पुन्हा चार हात समोर आले, पुन्हा त्याचा चेंडू वाटेतच पडला.

"वर्षभरात एकही माणूस मिळाला नाही?" उस्तादांनी हळूच विचारलं.

गावाला बोल लावणं निंबाजीच्या जिवावर आलं. उस्तादांना नमस्कार करून त्याने घरची वाट धरली.

गावी परतून त्याने वडिलांची पेरूची बाग सांभाळायला घेतली. वर्षं सरली, केस पिकले. पारावरचा वाद चालूच होता. एकदा तो फळांची पाटी घेऊन तिथून जात असताना म्हाताऱ्या कुंभारकाकांनी हाक मारली, "निंबा, आज तूच निकाल लाव बाबा. राजसंघात तू चमकला असतास की नाही?"

निंबाजी थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"मला कुठे माहीत आहे, काका? तेच तर मला बघायचं होतं."

तो पुढे निघून गेला. त्या संध्याकाळी पार लवकर रिकामा झाला.

तात्पर्य: ज्याच्या गुणांचं आपल्याला कौतुक आहे, त्याचा कस लावायला आपणच वेळेवर पुढे व्हावं, वेळ गेल्यावरची चर्चा त्याच्या काही कामाची नसते.